रिकाम्या खुर्चीसमोर चालू पीसी: सामायिक ऑफिससाठी कमी विजेची मांडणी

ऑफिस सुटून तासभर झाला की एकदा परत आत जा आणि दिवे न लावता दारातच उभे राहा. अंधारात किती निळे-हिरवे ठिपके दिसतात, किती पंख्यांची घरघर ऐकू येते, मोजा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा बारापैकी नऊ टेबलांखालची कॅबिनेट चालू होती. चार मॉनिटरवर स्क्रीनसेव्हरच्या रंगीत रेघा इकडून तिकडे पळत होत्या. बघायला कोणी नाही.

कामाचा दिवस नऊ तासांचा आणि वर्षात असे अडीचशे दिवस धरले, तर खुर्चीवर माणूस असतो २,२५० तास. वर्षाचे एकूण तास ८,७६०. म्हणजे ६,५१० तास, जवळजवळ तीन-चतुर्थांश वर्ष, पीसीसमोर कोणीच नसतं. वीज वाचवणारा पीसी म्हटलं की चर्चा प्रोसेसर कोणता आणि पॉवर सप्लाय कोणता इथूनच सुरू होते. मी उलट्या टोकाने जाणार आहे. आधी या रिकाम्या तासांचं काहीतरी करू, खरेदीचं नंतर बघू.

एक खुलासा. टेबलाखालच्या डब्याला आपण सरसकट ‘सीपीयू’ म्हणतो. इथे मात्र डब्याला कॅबिनेट आणि आतल्या मुख्य चिपला प्रोसेसर म्हटलं आहे, नाहीतर गोंधळ होईल.

१. आधी मोजा

सॉकेट आणि पिनच्या मध्ये बसणारा छोटा वॉटमीटर मिळतो. तो एकच घ्या, अख्ख्या ऑफिसला पुरतो. एका पीसीला लावून चार आकडे लिहून घ्या: नेहमीचं काम चालू असताना, सगळं उघडं पण कोणी हात लावत नसताना, स्लीपमध्ये आणि शटडाउन केल्यावर. मॉनिटर वेगळा मोजा.

माझ्यासमोरच्या एका सात-आठ वर्षं जुन्या टॉवरचं सांगतो. बटण दाबल्यावर आकडा ९० वॉटच्या पुढे उडाला, विंडोज उघडून शांत झाल्यावर ५८ ते ६० च्या आसपास स्थिरावला. पत्र टाइप करताना जेमतेम दोन-चार वॉट वाढले, व्हिडिओ कॉल लावल्यावर पुन्हा वर गेला. स्लीपमध्ये दोन वॉट. यातला महत्त्वाचा आकडा साठचा आहे. ऑफिसातला पीसी बहुतेक वेळ काहीच करत नसतो, आपण वाचत असतो, फोनवर बोलत असतो. त्यामुळे पूर्ण जोरावर तो किती खातो यापेक्षा नुसता बसून किती खातो हे विचारायचं.

स्वस्त वॉटमीटर एक-दोन वॉटच्या पातळीवर भरवशाचे नसतात. स्लीप आणि शटडाउनचे आकडे साधारण अंदाज म्हणूनच धरा. आणि मनातल्या हिशोबासाठी एक आकडा पाठ करून ठेवा: वर्षभर अखंड चालणारा एक वॉट म्हणजे ८.७६ युनिट. घड्याळासारखं अखंड चालणारं काहीही दिसलं की वॉटला पावणेनऊने गुणायचं.

२. जुना झोपवायचा की नवा आणायचा

वरचा साठ वॉटचा टॉवर वर्षभर चालूच राहिला तर ६० गुणिले ८.७६, म्हणजे सुमारे ५२५ युनिट खातो. तोच टॉवर २,२५० तास चालू आणि उरलेला वेळ दोन वॉटच्या झोपेत ठेवला तर १३५ अधिक १३, म्हणजे १४८ युनिट. वाचले ३७७, आणि यात काहीही विकत घेतलेलं नाही.

आता त्याच्या जागी नुसता बसून दहा वॉट खाणारा मिनी पीसी आणला आणि त्यालाही वेळेवर झोपवलं, तर वर्षाचे तीस-पस्तीस युनिट होतात. म्हणजे झोपेची सवय लावल्यानंतर नव्या यंत्राने आणखी वाचवलेले युनिट साधारण ११५. कमी नाहीत, पण पहिल्या टप्प्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत. शिवाय नवा पीसी बनवायलाही ऊर्जा लागलेली असते आणि ती आपल्या मीटरवर कधीच दिसत नाही. म्हणून चालता पीसी केवळ विजेसाठी भंगारात काढू नये असं माझं मत आहे. जुन्या टॉवरमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी (फिरणारे भाग नसलेली डिस्क) बसवा. साडेतीन इंची डिस्क नुसती फिरत राहायला पाच-सहा वॉट घेते, एसएसडी निवांत असताना एक वॉटही घेत नाही. त्याहून मोठा फायदा असा की पीसी पटकन चालू होतो आणि पटकन जागा होतो. याचं महत्त्व पुढे कळेल.

पीसीमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल आणि त्या टेबलावर कोणी थ्रीडी डिझाइन किंवा व्हिडिओ एडिटिंग करत नसेल, तर कार्ड काढून मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा. मात्र प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स आहे ना, हे आधी तपासा. सगळ्या प्रोसेसरमध्ये ते नसतं आणि मग स्क्रीन काळी राहते. नुसतं बसलेलं कार्डही दहा-पंधरा वॉट सहज घेतं.

बदलणं भागच पडतं ते वेगळ्या कारणाने. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं, ते बऱ्याच जुन्या मशीनमध्ये नाही. ज्या टेबलावर फक्त ब्राउझर आणि पत्रव्यवहार चालतो तिथे विंडोजऐवजी लिनक्स टाकून पीसी आणखी काही वर्षं चालवता येतो. हिशोबाचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालतच नसेल तर मात्र नवा घ्यावाच लागेल.

३. नवा घ्यायचाच असेल तर

मिनी पीसी घ्या. ऑफिसच्या दहापैकी नऊ कामांना तो पुरतो, मॉनिटरच्या पाठीला बसतो आणि नुसता बसून सहा ते पंधरा वॉटमध्ये भागवतो. कारण साधं आहे: आतले सुटे भाग बहुधा लॅपटॉपचे असतात आणि वीज लॅपटॉपसारख्याच बाहेरच्या अडॅप्टरमधून येते. रॅम १६ जीबी आणि एसएसडी एवढं बघितलं की बाकी फार डोकं लावू नका.

टॉवरच हवा असेल तर दोन ठिकाणी लोक फसतात.

पहिलं, प्रोसेसरवरचा ६५ वॉट किंवा ३५ वॉट हा आकडा. तो प्रोसेसर जोरात चालताना किती उष्णता बाहेर काढावी लागेल याचा अंदाज असतो, महिन्याच्या युनिटचा नाही. एकाच पिढीचे ६५ आणि ३५ वॉटचे प्रोसेसर नुसते बसलेले असताना जवळपास सारखंच खातात. ३५ वाल्याला फक्त जोर लावण्यावर मर्यादा घातलेली असते. छोट्या बंद कॅबिनेटमध्ये त्याचा उपयोग आहे, बिलावर फारसा नाही.

दुसरं, पॉवर सप्लायवरचं ‘८० प्लस गोल्ड’. ही प्रमाणपत्रं २००४ पासून आहेत आणि चांगली आहेत, पण कार्यक्षमता मोजली जाते ती क्षमतेच्या २०, ५० आणि १०० टक्के भारावर. डेस्कटॉपच्या सप्लायमध्ये फक्त सगळ्यात वरच्या टायटॅनियमला १० टक्क्यांचीही अट आहे. तुम्ही ६५० वॉटचा गोल्ड सप्लाय घेतला आणि पीसी दिवसभर ४० वॉटवर बसून राहिला, तर भार सहा टक्के. तिथे गोल्डचा शिक्का काहीच सांगत नाही आणि मोठे सप्लाय नेमके तिथेच जास्त वाया घालवतात. एकट्या माणसाने बस भाड्याने घेऊन फिरण्यासारखं आहे ते. ऑफिसच्या टॉवरला २५० ते ३०० वॉटचा चांगला सप्लाय भरपूर झाला.

४. बायोसमध्ये दहा मिनिटं

पीसी चालू करताना एफ-टू किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, जा. नावं कंपनीगणिक वेगळी असतात, पण तीन गोष्टी शोधा.

‘सी-स्टेट्स’ चालू आहेत का बघा. काम नसताना प्रोसेसरने आतले भाग बंद करून डुलकी घ्यायची ही सोय आहे. कधीकाळी कोणीतरी ‘स्पीड वाढवायला’ ती बंद केलेली सापडते.

‘ईआरपी’ किंवा ‘डीप स्लीप’ नावाचा पर्याय बंद पीसीचा छुपा खर्च अर्ध्या वॉटच्या खाली आणतो. अर्ध्या वॉटची ही मर्यादा युरोपीय संघाच्या नियमातून आली आहे, २०१३ पासून. पण तो चालू केला की बंद पीसीला लॅनवरून, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कवरून, उठवता येत नाही, बहुतेक मदरबोर्डवर कीबोर्डनेही नाही. दोन्ही एकदम मिळणार नाही. ज्या पीसीला बाहेरून कोणी कधी हात लावत नाही तिथे ईआरपी चालू करा, बाकी ठिकाणी सोडून द्या.

तिसरं, वीज जाऊन परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग. ती ‘पॉवर ऑन’वर असेल तर रात्री वीज गेली आणि आली की अख्खं ऑफिस आपणहून चालू होतं. ‘स्टे ऑफ’ किंवा ‘लास्ट स्टेट’ करा.

५. झोप लावणं

‘शटडाउन करूनच घरी जायचं’ असा नियम मीही सुरुवातीला लावून पाहिला. सामायिक ऑफिसात तो टिकत नाही, आणि लोक आळशी असतात हे त्याचं कारण नाही. सकाळच्या माणसाने ‘स्विच यूजर’ करून, म्हणजे आपलं खातं उघडंच ठेवून, पीसी सोडलेला असतो. संध्याकाळचा माणूस शटडाउन दाबतो तेव्हा विंडोज सांगतं की दुसरं कोणीतरी अजून हा पीसी वापरतंय, बंद केलात तर त्याचं न साठवलेलं काम जाईल. आता दुसऱ्याचं काम बुडवण्याची जबाबदारी कोण घेणार? तो कॅन्सल दाबतो, मॉनिटर बंद करतो आणि निघतो. चुकीचं काहीच केलं नाही त्याने.

स्लीपमध्ये हा पेच येत नाही. सगळ्यांची उघडी कामं रॅममध्ये जशीच्या तशी राहतात, रॅम सोडून बाकी सगळं बंद होतं. डेस्कटॉपवर विंडोजमध्ये बहुधा ‘हायब्रिड स्लीप’ आधीपासून चालू असते: रॅममधली प्रत डिस्कवरही लिहून ठेवली जाते, म्हणजे झोपेत वीज गेली तरी काम परत मिळतं. फक्त कोणी डिस्कची जागा वाचवायला हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून पीसी बंद करायची सोय) बंद केलेलं नसावं, कारण ते गेलं की हायब्रिड स्लीपही जाते.

सेटिंग अशी करा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग पॉवर. स्क्रीन पाच मिनिटांनी बंद, पीसी वीस मिनिटांनी स्लीपमध्ये. पॉवर प्लॅन अख्ख्या मशीनला लागू होतो, त्यामुळे प्रत्येक यूजरच्या खात्यात जाऊन हे पुन्हा करावं लागत नाही. पीसी एका डोमेनमध्ये, म्हणजे एकाच सर्व्हरच्या ताब्यात, असतील तर ग्रुप पॉलिसीतून सगळ्यांना एकदमच लावा. स्क्रीनसेव्हर मात्र खातेनिहाय असतो, तो प्रत्येक ठिकाणी ‘नन’ म्हणजे बंद करा. जुन्या काचेच्या सीआरटी पडद्यावर एकच चित्र राहून डाग पडू नये म्हणून तो निघाला होता. आजच्या एलसीडीला त्याचा उपयोग नाही, उलट चालत्या चित्रापायी ग्राफिक्स जागं राहतं.

वीस मिनिटं का, दहा का नाहीत? मी दहा लावून पाहिली. आठवड्याभरात एका टेबलावर माऊस मनगटी घड्याळावर उलटा नव्हे, सुलटाच ठेवलेला दिसला. खाली सेकंदकाटा फिरतोय, माऊसच्या सेन्सरला वाटतंय हालचाल होतेय, आणि पीसी दिवसभर टक्क जागा. त्या गृहस्थांना फोनवर पंधरा-पंधरा मिनिटं बोलावं लागायचं आणि दर वेळी समोर काळी स्क्रीन यायची. चूक माझीच होती. झोप माणसाच्या आड आली की माणूस ती मोडायचा उपाय शोधतो, आणि तो उपाय रात्रीही चालूच राहतो.

म्हणूनच जागं व्हायला लागणारा वेळ महत्त्वाचा. तीन-चार सेकंदांत स्क्रीन आली तर कोणी कुरकुरत नाही. पंधरा सेकंद लागले तर आठवड्याने सेटिंग ‘नेव्हर’वर गेलेली दिसेल. एसएसडीचा आग्रह मी याचसाठी धरला.

आणखी एक छोटी सेटिंग: कंट्रोल पॅनेलमधून कॅबिनेटचं पॉवर बटण दाबल्यावर ‘स्लीप’ होईल असं ठरवा. मग जाताना बटण दाबायची जुनी सवयही उपयोगी पडते.

६. झोप कोण मोडतं, याचा तपास

सेटिंग करून तुम्ही घरी जाल आणि दुसऱ्या दिवशी कळेल की अर्धे पीसी रात्रभर जागेच होते. निराश होऊ नका, सगळीकडे असंच होतं. नवख्या माणसाचा खरा वेळ इथेच जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

विंडोजमध्ये ‘पॉवरसीएफजी’ नावाची कमांड आहे. स्टार्टवर राइट क्लिक करून टर्मिनल ॲडमिन म्हणून उघडा, पॉवर आणि सी-एफ-जी ही इंग्रजी अक्षरं सलग लिहा, जागा सोडा, तिरपी रेघ (/) द्या आणि पुढे शब्द जोडा. ‘रिक्वेस्ट्स’ जोडलात तर आत्ता झोपायला कोण अडवतंय ते दिसतं. ‘लास्टवेक’ जोडलात तर शेवटचं कोणी उठवलं ते. ‘वेकटायमर्स’ जोडलात तर पुढे कोण उठवणार आहे ते.

रिक्वेस्ट्समध्ये वारंवार दिसणारे दोन आरोपी आहेत. एक म्हणजे ऑडिओ: ब्राउझरच्या कुठल्या तरी टॅबमध्ये मीटिंग किंवा व्हिडिओ उघडा राहिलाय आणि आवाजाची वाहिनी चालू आहे, स्पीकर म्यूट असला तरी. दुसरा ‘एसआरव्हीनेट’. म्हणजे दुसऱ्या पीसीवरून कोणीतरी या पीसीच्या शेअर केलेल्या फोल्डरमधली फाइल उघडून बसलंय. त्याच्याकडे पुढच्या पायरीत येतो.

पीसी झोपतो पण आपोआप उठतो, ही वेगळी तक्रार. लास्टवेकमध्ये माऊसचं नाव आलं तर एकाच लांब टेबलावर बसणाऱ्यांना कारण लगेच उमगेल. कोणी टेबलाला धक्का दिला की सगळे माऊस किंचित हलतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबमधली ‘हे उपकरण संगणक जागा करू शकतं’ ही खूण काढा. कीबोर्डची राहू द्या.

नेटवर्क कार्डचं नाव आलं तर खूण काढायची घाई करू नका. त्याच टॅबमध्ये खाली ‘फक्त मॅजिक पॅकेटनेच जागं करावं’ असा पर्याय असतो, तो चालू करा. मॅजिक पॅकेट म्हणजे १०२ बाइट्सचा एक ठरावीक निरोप: आधी सहा एफएफ बाइट्स आणि मग त्या कार्डाचा मॅक पत्ता (प्रत्येक नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) ओळीने सोळा वेळा. असा निरोप चुकून जात नाही. पर्याय बंद असेल तर लॅनवरच्या किरकोळ विचारपुशीनेही पीसी उठून बसतो. याचा दुसरा फायदा असा की घरून काम करणाऱ्या सहकाऱ्यासाठी पीसी रात्रभर चालू ठेवावा लागत नाही. राउटरवरून किंवा ऑफिसातल्या एखाद्या अखंड चालणाऱ्या छोट्या यंत्रावरून तो निरोप पाठवला की पीसी उठतो. पीसी केबलने जोडलेला हवा, वायफायवर हे सहसा जमत नाही.

वेकटायमर्समध्ये दिसतात ती अपडेट आणि बॅकअपची कामं. ती बंद करू नका, वेळ बदला. बॅकअप रात्री दोनऐवजी दुपारी सुट्टीत लावा, तेव्हा पीसी जागेच असतात. रात्रीच करायचा असेल तर टास्क शेड्युलरमध्ये त्या कामाला ‘पीसी जागा करून चालव’ अशी खूण द्या. काम संपल्यावर, अडवणारं कोणी नसेल तर, पीसी थोड्याच मिनिटांत आपण होऊन परत झोपतो.

लिनक्सवाल्यांसाठी: ‘पॉवरटॉप’ चालवा, कोणता प्रोग्रॅम प्रोसेसरला सारखा उठवतोय ते तो ओळीने दाखवतो.

७. सगळ्यांचा फोल्डर, सगळ्यांचा प्रिंटर

सामायिक फायली कोणाच्या तरी पीसीवर असतात आणि प्रिंटरची केबलही कोणाच्या तरी पीसीला असते. तो पीसी कधीच झोपू शकत नाही. झोपला की ओरडा सुरू होतो, मग कोणीतरी सेटिंग ‘नेव्हर’ करतं, आणि हळूहळू ‘नेव्हर’ ही ऑफिसची रीत होते.

एक साठ वॉटचा पीसी केवळ फोल्डर उघडा राहावा म्हणून वर्षभर चालवण्यापेक्षा फायली एका छोट्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यावर) किंवा क्लाउडवर न्या. दोन डिस्कचं नॅस पंधरा-वीस वॉटमध्ये चालतं. अगदी छोट्या ऑफिसात तीन-चार वॉट खाणारा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आणि एक एसएसडीही काम भागवतो, पण त्याची निगा राखणारं माणूस हवं, नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. प्रिंटर थेट लॅनला जोडा. टेबलागणिक छोटे प्रिंटर असतील तर त्यातला एक बरा ठेवून बाकीचे काढून टाका.

८. मॉनिटर

चोवीस इंची एलईडी मॉनिटर साधारण वीस वॉट घेतो. त्यातला मोठा वाटा मागच्या प्रकाशाचा, म्हणून ब्राइटनेस थेट बिलात दिसतो. बरेच मॉनिटर खोक्यातून अतिशय उजळ सेटिंगवर येतात आणि वर्षानुवर्षं तसेच राहतात. वॉटमीटर लावून ब्राइटनेस शंभरवरून पन्नासवर आणा आणि आकडा उतरताना बघा. ब्राइटनेस कमी केला की कोणी ना कोणी तो परत वाढवतं, आणि बहुतेक वेळा त्याच्या पाठीमागे खिडकी असते. पडद्यावर प्रतिबिंब पडतं म्हणून तो बिचारा प्रकाश वाढवतो. टेबल काटकोनात फिरवा, म्हणजे खिडकी बाजूला येईल.

डार्क मोडने वीज वाचते हा समज एलसीडीपुरता खोटा आहे. पांढरं दिसो की काळं, मागचा दिवा तेवढाच जळतो. ओलेड पडद्यावर मात्र फरक पडतो, पण ऑफिसात ते क्वचितच असतात.

९. बोर्ड आणि यूपीएस

प्रत्येक टेबलाला एक चांगला एक्स्टेन्शन बोर्ड, थेट भिंतीच्या अर्थिंग असलेल्या सॉकेटमधून. बोर्डाला बोर्ड जोडू नका. ‘जाताना बोर्ड बंद करा’ हा सल्ला झोपणाऱ्या पीसीला लागू करू नका, झोपेला दोन वॉट लागतात. स्पीकर, टेबल लॅम्प आणि चार्जर यांच्यासाठी वेगळा बोर्ड ठेवा, तो बंद करायचा.

यूपीएस स्वतःही वीज खातो, त्याला काही जोडलेलं नसतानाही. गरजेपेक्षा मोठा घेऊ नका आणि त्यावर फक्त पीसी, मॉनिटर, राउटर आणि नॅस ठेवा. लेझर प्रिंटर कधीही यूपीएसवर लावू नका. शाई तापवून चिकटवणारा त्यातला फ्यूजर गरम होताना एकदम शेकडो वॉट ओढतो आणि यूपीएस कोलमडतो, नेमका कोणाचं तरी काम अर्धवट असताना.

कॅबिनेट भिंतीला चिकटवू नका, वर्षातून दोनदा धूळ काढा. आणि पीसीने घेतलेली जवळपास सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता होऊन उतरते हे विसरू नका. साठ वॉटचे दहा पीसी म्हणजे खोलीत सहाशे वॉटचा हीटर, आणि एसी असेल तर तो त्याच्याशी झुंजत असतो. पीसीचा वाचलेला प्रत्येक युनिट एसीचाही थोडा भार हलका करतो.

१०. सोबतच्यांना काय सांगायचं

भाषण देऊ नका. प्रत्येक कॅबिनेटवर एक चिठ्ठी चिकटवा: ‘दिवा लुकलुकतोय म्हणजे पीसी झोपलाय. कीबोर्डवरची कुठलीही कळ दाबा.’ एवढी ओळ खूप काम करते, कारण काळी स्क्रीन बघून लोक पॉवर बटण दाबून धरतात. चार सेकंद धरलं की पीसी जबरदस्तीने बंद होतो, काम जातं आणि ‘ही स्लीप धोक्याची आहे’ अशी बातमी जेवणाच्या सुट्टीत सगळीकडे पोचते.

दुसरी ओळ: ‘काम संपलं की साइन आउट करा, स्विच यूजर नको.’ आणि कोणाचं तरी रात्रभर चालणारं काम असेल, व्हिडिओ रेंडर करणं किंवा मोठी फाइल उतरवणं, तर त्या दिवसापुरता पीसी जागा ठेवायची रीतसर सोय द्या. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्ये ‘अवेक’ नावाचं साधन आहे, त्यात ठरावीक तासांपुरतं जागं ठेवता येतं. वेळ संपली की नेहमीची सेटिंग परत लागू होते. मनगटी घड्याळापेक्षा हे बरं.

११. पहिला महिना

सगळे पीसी एकाच दिवशी बदलू नका. आधी दोन घ्या, एक स्वतःचा आणि एक सगळ्यात जास्त तक्रार करणाऱ्याचा. त्याच्याकडे आठवडाभर सुरळीत चाललं तर बाकीच्यांना समजावण्याचं काम तोच करतो.

वॉटमीटर शुक्रवारी संध्याकाळी एका पीसीला लावून सोमवारी सकाळी युनिटचा आकडा वाचा. अडीच दिवसांत तो ०.१५ च्या आसपास असेल तर पीसी खरंच झोपला होता. तीन युनिट किंवा वर असेल तर तो अख्खा वेळ जागा होता, परत सहाव्या पायरीवर जा. असं एकेक करत दर आठवड्याला एक टेबल. मोठ्या विंडोज अपडेटनंतर माऊसची आणि नेटवर्क कार्डाची सेटिंग कधीकधी मूळपदावर गेलेली सापडते, तेव्हा वर्षातून दोनदा धूळ काढाल त्याच दिवशी लास्टवेकही चालवून बघा.